इयत्ता, प्रकल्प आणि यंत्र



शिक्षणावरचे व्याख्यान म्हटले की श्रोत्यांना वाटते, हे मास्तरलोकांचे आपापसातले काम आहे, आपण उगाच कशाला मध्ये बसा. त्यामुळे आपण एवढ्या संख्येने आलात याचे मला समाधान वाटते. मी आज जे बोलणार आहे त्याचा निम्मा भाग शिक्षकांसाठी आहे, आणि उरलेला निम्मा त्यांच्यासाठी आहे, ज्यांची मुले रात्री नऊ वाजता 'उद्या प्रकल्प द्यायचा आहे' असे सांगून घर डोक्यावर घेतात.

परवा एका पालकांनी मला गाठले. शेतकरी गृहस्थ. मुलगा सातवीला. म्हणाले, "गुरुजी, हे प्रकल्प का फिकल्प म्हणता ते ठीक हाय. पण ह्याचं मार्क किती? आणि शिष्यवृत्तीला ह्यातलं काय येतंय?" माणूस हुशार होता. शिक्षणशास्त्राच्या मोठमोठ्या ग्रंथांतून ज्या प्रश्नाभोवती पाने खर्ची पडली आहेत, तो त्याने दोन वाक्यांत विचारला. एका बाजूला ठरवून दिलेले माप आहे; इतक्या वर्षात मुलाला इतके आले पाहिजे. दुसऱ्या बाजूला मुलाने स्वतः हिंडून, पाहून, करून शिकण्याची पद्धत आहे. तिला घड्याळ कळत नाही. हे दोन्ही एका वर्गात नांदणार कसे? आणि त्यात आता तिसरा पाहुणा आला आहे, मोबाइल आणि संगणक. त्याला कोठे बसवावयाचे?

आधी मापाचे पाहू. आपण 'इयत्ता सातवी' म्हणतो, पण 'इयत्ता' या शब्दाचा अर्थ काय याचा विचार क्वचितच करतो. हा संस्कृत शब्द आहे. 'इयत्' म्हणजे एवढे, आणि 'इयत्ता' म्हणजे एवढेपण, परिमाण, मर्यादा. म्हणजे वर्गाचे नावच आपण मापावरून ठेवलेले आहे. इंग्रजीतही तसेच आहे. 'स्टँडर्ड' हा शब्द तिकडच्या शाळांत रुजला तो १८६२ सालच्या एका सरकारी नियमावलीने. रॉबर्ट लोव यांनी ती आणली. वाचन, लेखन आणि अंकगणित यांच्या सहा पायऱ्या ठरवल्या, त्यांनाच 'स्टँडर्ड' म्हटले. तपासनीस यायचा, एकेका मुलाची परीक्षा घ्यायचा, आणि जितकी मुले उतरतील तितके अनुदान शाळेला मिळायचे. आपल्या मुंबई इलाख्यातही अनुदान देताना 'निकाल पाहून पैसा' ही रीत काही काळ चालू होती.

याचा परिणाम काय झाला? इंग्लंडात मॅथ्यू आर्नल्ड हा कवी शाळातपासनीस होता. त्याने आपल्या अहवालांतून पुन्हा पुन्हा तक्रार केली की मुले वाचायला शिकत नाहीत, नेमलेले पुस्तक तेवढे घोकतात. तपासनिसापुढे पुस्तक धडाधडा म्हणणारा मुलगा दुसऱ्या पुस्तकाचे पान काढून दिले की अडखळतो. ती पद्धत त्या शतकाच्या अखेरीस गेली. तिची सवय मात्र गेली नाही, हे आपल्याकडचे कोणतेही 'अपेक्षित प्रश्नसंच' उघडून पाहिले की कळते.

परंतु एवढ्यावरून मापाची टवाळी करणाऱ्यांत मी नाही. ज्या भूमीत मी उभा आहे तेथे तर ती करताच येत नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड बसवला. ज्याच्या घरी पुस्तक नाही, ज्याच्या सात पिढ्यांत कोणी अक्षर गिरवले नाही, त्याच्या मुलाला शाळेने निदान इतके दिलेच पाहिजे, ही त्यामागची भूमिका. श्रीमंताच्या मुलाला माप नसले तरी चालते. त्याच्या घरी शिकवणी आहे, बोलणारे वडील आहेत, प्रवास आहे. गरिबाच्या मुलाला मात्र 'तुला एवढे मिळावयाचे होते आणि एवढेच मिळाले' हे सांगणारे माप हाच आधार असतो. २०१७ साली शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांत प्रत्येक इयत्तेच्या अध्ययन निष्पत्ती अंतर्भूत झाल्या. शब्द जड आहे, आशय सोपा: वर्ष संपल्यावर मुलाला काय करता आले पाहिजे त्याची यादी. ती यादी मी वाचली आहे. 'अमुक धडा पाठ' असे तीत नाही. मोजतो, अंदाज करतो, तुलना करतो, कारण सांगतो, माहिती गोळा करून मांडतो, अशी क्रियापदे आहेत. म्हणजे सरकारी मापाची भाषा मुलाने काहीतरी करावे अशीच आहे. तिला पाठांतराचे रूप येते ते वर्गात आणि शिकवणीत.

आता प्रकल्पाकडे येऊ. योगायोग असा, की आपल्याकडे सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम निघाला त्याच सुमारास, १९१८ साली, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील किलपॅट्रिक या प्राध्यापकाने 'प्रकल्प पद्धती' या नावाचा निबंध प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की मूल मनापासून एखादा हेतू धरून काम करते तेव्हाच ते खरे शिकते. या विचाराचे मूळ जॉन ड्यूई यांच्याकडे. आणि ड्यूई यांच्या व्याख्यानांना १९१३ ते १९१६ या काळात बसणाऱ्या विद्यार्थ्यांत डॉ. भीमराव आंबेडकर होते, ज्यांना पुढे १९२० साली माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी बहुजनांपुढे उभे केले. तेव्हा प्रकल्प हे काही परवाचे इंग्रजी शाळांचे फॅड आहे असे समजू नका.

परंतु त्या हेतूचे आपण काय केले आहे ते पाहा. एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला मी गेलो होतो; शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण अशा शाळा शेकड्यांनी आहेत. टेबलांवर ओळीने पाच ज्वालामुखी होते. पाचही सारखे, तपकिरी रंगाचे, तोंडातून लाल फेस येणारे. मी एका मुलाला विचारले, "बाळ, ज्वालामुखी पाहिला आहेस का?" "नाही." "कोणी सांगितले करायला?" "दुकानात तयार मिळतो." दुसऱ्या टेबलावर सूर्यमाला होती, तीही दुकानातली. तिसऱ्यावर वहीभर छापील मजकूर चिकटवलेला. तो सायबर कॅफेत छापून आणला होता, आणि मुलीला त्यातली एक ओळही समजावून सांगता आली नाही. तिची आई मात्र शेजारी उभी राहून सारे उत्तम सांगत होती. आईला पैकीच्या पैकी गुण द्यावेत असे मला वाटले.

आमच्या मराठी शाळांतून हे पूर्वीही एकदा घडून गेले आहे, आणि ती कथा आपल्या जिल्ह्याशी निगडित आहे म्हणून थोडी विस्ताराने सांगतो. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण, म्हणजे नई तालीम, हा विचार देशापुढे आला. आपल्याकडे किती तरी शाळांच्या पाट्यांवर 'जीवन शिक्षण विद्या मंदिर' असे नाव दिसते, ते त्याच काळाची आठवण आहे. पुढे आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे सुपुत्र डॉ. जे. पी. नाईक यांनी येथून जवळच, गारगोटीला, मौनी विद्यापीठ उभे केले. खेड्याचे शिक्षण खेड्याच्या जीवनाशी जोडावयाचे, शेती, आरोग्य, स्थापत्य ही त्या शिक्षणाची अंगे मानावयाची, ही तेथली दृष्टी. हेच नाईक १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. त्या आयोगाने सर्व शाळांसाठी 'कार्यानुभव' सुचवला, आणि त्यात विज्ञान व यंत्रज्ञान यांची जोड हवी असे स्पष्ट सांगितले. देशातल्या प्रत्येक शाळेत जाऊन पोहोचलेल्या या विषयाच्या मुळाशी गारगोटीच्या मातीचा अनुभव होता असे मी म्हटले, तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

पण कार्यानुभवाचे पुढे काय झाले? आपल्यापैकी चाळिशी ओलांडलेल्यांनी आठवून पाहावे. कागदाची फुले, काड्यांचे घर, शेवटच्या तासाला 'काहीतरी करा आणि गडबड करू नका' असे फर्मान, आणि वर्षाअखेर एक श्रेणी. काम राहिले, अनुभव गेला. कारण एकच. त्या कामातून गणित, भाषा, विज्ञान शिकावयाचे होते. ते विषय वेगळे काढून वरच्या तासांना बसवले आणि कामाला शेवटच्या बाकावर धाडले. प्रकल्पाचे आज तेच होऊ लागले आहे. २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले तेव्हा आकारिक मूल्यमापनाच्या आठ साधनांत 'प्रकल्प' हे एक साधन म्हणून अधिकृतपणे बसले. म्हणजे जागा मिळाली. त्या जागेवर आपण दुकानातला ज्वालामुखी ठेवला.

मग खरा प्रकल्प कसा दिसतो? मी दूरचे उदाहरण घेणार नाही. तुमच्या दारात ते उभे आहे. हे गाव शाहू महाराजांच्या कन्या राधाबाई यांच्या नावाने वसले ते धरणामुळे. भोगावतीवर १९०८ साली महाराजांनी ते काम मनावर घेतले, १९१८ मध्ये ते थांबले, आणि स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला, पातळी साडेतीनशे फुटांच्या जवळ, नेमके सांगावयाचे तर ३४७.५ फुटांवर गेली, की ते पाण्याच्या दाबाने आणि भाराच्या तोलावर आपोआप उघडतात. पाणी उतरले की आपोआप मिटतात. बटण नाही, वीज नाही. दर पावसाळ्यात कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर बातमी असते: राधानगरीचे दोन दरवाजे उघडले, एका दरवाजातून १४२८ घनफूट प्रतिसेकंद विसर्ग. आपण सारे ती वाचतो. तिचा अर्थ किती जण सांगू शकतील?

समजा, सातवीच्या वर्गापुढे शिक्षकाने हाच एक प्रश्न ठेवला: सातही दरवाजे उघडले तर आपला तलाव किती दिवसांत रिकामा होईल? उत्तर पुस्तकात नाही, दुकानात तर नाहीच. मुले प्रथम अंदाज सांगतील. एक म्हणेल, एका दिवसात. दुसरा म्हणेल, वर्षभर लागेल. तो अंदाज फळ्यावर लिहून ठेवावा, पुसू नये. मग हिशेब सुरू होतो. तलावात मावते सुमारे ८.३६ टी. एम. सी., म्हणजे ८३६ कोटी घनफूट. कोटीवर किती शून्ये, येथे पहिले भांडण. घनफूट म्हणजे काय? एक फूट लांब, रुंद, उंच असा पुठ्ठ्याचा खोका करून वर्गात ठेवला की ते भांडण मिटते, आणि त्यात २८ लिटर आणि थोडे वर पाणी मावते हे कळशीने मोजून पाहता येते, खोक्याला आतून प्लास्टिक लावले तर. एका दरवाजातून सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर! मुले येथे गप्प होतात. गावाला पाणी पोचवणारा टँकर त्यांनी पाहिलेला असतो. दर सेकंदाला तसे किती टँकर, हा हिशेब कोणी न सांगता सुरू होतो. तासाचे सेकंद ३६००, दिवसाचे ८६,४००. एका दरवाजाचे दिवसाचे पाणी १२ कोटी ३३ लाख ७९ हजार २०० घनफूट. सातांचे ८६ कोटींच्या वर. भागाकार केला की उत्तर येते: साडेनऊ-दहा दिवस.

पण थांबा, खरी गोष्ट आता सुरू होते. मागच्या बाकावरची एखादी मुलगी उठून विचारते, "गुरुजी, पण पाणी जरा खाली गेलं की दार मिटतंय की." बरोबर आहे. मग आपला हिशेब चुकला का? हिशेब बरोबर, पण तलाव तसा वागत नाही. वरून पाऊस चालू असतो, वीजगृहातून वेगळे पाणी जात असते, आणि दरवाजे ठरावीक पातळीच्या खाली उघडे राहतच नाहीत. गणित कोठपर्यंत खरे आणि कोठून पुढे निसर्ग पाहावा लागतो, हे सातवीतल्या मुलीच्या तोंडून निघाले तर ती विज्ञानाची सुरुवात आहे. मग दरवाजाची प्रतिकृती: लाकडाची फळी, बिजागरी, दुसऱ्या टोकाला दगड, पाण्याची बादली. ती पहिल्या दिवशी चालत नाही. दगड कमी पडतो किंवा जास्त होतो. तरफेचा धडा पुस्तकात आहेच. आता तो उघडण्याचे कारण मिळाले.

आता या एका प्रश्नात अध्ययन निष्पत्तींतल्या किती गोष्टी आल्या हे शिक्षकांनी मोजावे. मोठ्या संख्या, गुणाकार-भागाकार, दशांश, घनफळ, एककांचे रूपांतर, तरफ, दाब. धरणावरच्या कर्मचाऱ्याची मुलाखत घेऊन ती लिहून काढली तर मराठी. काम १९१८ ला का थांबले, तलावाखाली कोणाची जमीन गेली, हे वडीलधाऱ्यांना विचारले तर इतिहास. माप मोडले नाही. मापातली कलमे एकेक करून पुरी झाली, फक्त धड्यांच्या क्रमाने झाली नाहीत. म्हणूनच शिक्षकाची तयारी येथे अधिक लागते. कोणते कलम कोठे येणार याचा कागद त्याच्या खिशात आधीच असला पाहिजे, नाहीतर मुले नुसती हिंडून येतात.

येथे मला प्रकल्पाच्या भाबड्या भक्तांशी दोन शब्द बोलावयाचे आहेत. वर्गातल्या काही मुलांना भागाकार येत नाही. सातवीत असूनही येत नाही, हे आपण सारे जाणतो. गटात काम दिले की हुशार मुलगा हिशेब करतो, ही मुले पुठ्ठा कापतात, रंग लावतात, आणि फोटोत पुढे उभी असतात. प्रकल्प सुंदर होतो, मूल होते तेथेच राहते. हा अन्याय घोकंपट्टीपेक्षा मोठा आहे, कारण तो दिसत नाही. माझे मत स्पष्ट आहे: अशा वेळी प्रकल्प तीन-चार दिवस बाजूला ठेवावा आणि भागाकाराचा चक्क सराव घ्यावा, पाटीवर, रोज वीस उदाहरणे. सराव ही काही शिवी नव्हे. तालमीत पैलवान जोर-बैठका काढतो, त्या कुस्तीच्या मैदानात कोणी पाहत नाही, म्हणून वस्ताद त्या बंद करत नाही. मात्र त्या मुलाला ठाऊक असते की हा भागाकार आपल्या तलावासाठी चालला आहे. आणि शेवटी हिशेब प्रत्येकाने एकट्याने, आपल्या वहीत, कोऱ्या पानावर करून दाखवावयाचा. गुण त्या पानाला. प्रतिकृतीच्या रंगाला नाही.

आता यंत्राचे. २०२० साली टाळेबंदी झाली आणि शाळा बंद पडल्या, तेव्हा साऱ्या शिक्षणाची भिस्त एकाएकी मोबाइलवर आली. ज्यांच्या घरी तो नव्हता, किंवा ज्यांच्या वाडीवर रेंज नव्हती, त्यांची मुले मागे पडली. तो काळ विसरून यंत्राविषयी बोलता येणार नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, दहा लक्ष डॉलरचा, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापून त्यामागे ध्वनी, चित्रे, कविता ठेवण्याची त्यांची कल्पना २०१७ साली राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. एका खेड्यातल्या शिक्षकाची कल्पना साऱ्या राज्याने उचलली, ही अभिमानाचीच गोष्ट आहे.

तरीही एक भेद आपण करावा असे मला वाटते. यंत्र दोन प्रकारे वर्गात येते. एक, दाखवणारे: चित्रफीत लावली, मुले पाहतात. ते फळ्याचे आणि पुस्तकाचे भावंड आहे. उपयोगी आहे, पण त्याने मूल पूर्वी होते तितकेच स्वस्थ बसून राहते. दुसरे, मूल जे वापरते: फूटपट्टी, तराजू, पर्जन्यमापक, आणि हो, मोबाइलही. शाळेला मोठा दूरदर्शन पडदा भेट देणारे दाते मला ठाऊक आहेत, त्यांचे आभारच मानले पाहिजेत. चार तराजू आणि दोन मोजपट्ट्या भेट देणारा दाता मात्र मी अजून पाहिलेला नाही. त्यावर नाव कोरायला जागा नसते, हे त्याचे कारण असावे.

मोबाइलचा दुसऱ्या प्रकारचा उपयोग कसा? राधानगरीत सोडलेले पाणी भोगावतीतून पंचगंगेत जाते, कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर त्याची पातळी मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. पुढे ते शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत तेथे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे; राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले होते. आता कल्पना करा: आपल्या शाळेतला वर्ग रोज सकाळी आठ वाजता पाऊस मोजतो, धरणाची पातळी टिपतो, आणि शिरोळकडच्या एखाद्या शाळेला एका फोनवरून कळवतो. तिकडची मुले त्यांच्या घाटावरची पातळी कळवतात. दोन महिने झाले की दोन्हीकडे एकच तक्ता तयार होतो, संगणकावर त्याचा आलेख काढता येतो. इथला दरवाजा उघडल्यावर तिथली पायरी किती वेळाने बुडते? मध्ये कुंभी, कासारी, तुळशी यांचेही पाणी येते, त्याचे काय? हे कोणत्याही चित्रफितीत नाही. ज्याची आजी पुरात छपरावर बसून राहिली होती, अशा मुलाशी आपल्या मुलाची गाठ पडते, आणि आपल्या डोंगरावरचा पाऊस म्हणजे तिकडचा पूर, हे त्याला कळते. एका शिक्षकाचा एक फोन यासाठी पुरतो. प्रत्येक मुलाच्या हाती टॅब लागत नाही.

हे सारे मापाच्या चौकटीत, परीक्षा मंडळाच्या मान्यतेने, वर्षानुवर्षे चालू शकते का, असा प्रश्न राहतो. चालते. पुणे जिल्ह्यातील पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. हे गृहस्थ अन्नशास्त्रज्ञ, अमेरिकेतून विद्यावाचस्पती होऊन आलेले, हिंदुस्तान लीव्हरच्या संशोधनशाळेत काम केलेले. ते सोडून दुष्काळी खेड्यात आले आणि शाळेतून गळालेल्या मुलांच्या हाती त्यांनी वेल्डिंगचे यंत्र, करवत, माती-पाण्याच्या चाचण्या दिल्या. त्यांचा आश्रम हा पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचा भाग, आणि ती संस्था स्थापन केली होती जे. पी. नाईक यांनी. म्हणजे गारगोटीचा धागा पाबळला असा जाऊन मिळतो. तेथून नेहमीच्या माध्यमिक शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा अभ्यासक्रम निघाला: आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस, अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. गावातल्या लोकांची खरी कामे मुलांनी करावयाची, हिशेब ठेवावयाचा, आणि शिकवणारे बरेचसे गावातलेच कारागीर. एस. एस. सी. मंडळाने तो विषय म्हणून स्वीकारला. २००२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या साहाय्याने पाबळला संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची 'फॅब लॅब'ही आली. करवत आणि संगणक तेथे एकाच छपराखाली आहेत, आणि दोन्ही मुलांच्या हातात आहेत. लहान मुलांच्या बाबतीत तर लांब जाण्याचे कारणच नाही. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय काढून अनुभवातून शिकवणारी प्राथमिक शाळा उभी करून दाखवली.

अडचणी नाहीत असे मी म्हणत नाही. आपल्या तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत दोन शिक्षक आणि चार इयत्ता असतात. त्या शिक्षकाला माहिती भरावयाची असते, फोटो चढवावयाचे असतात, आणि कधी कधी तर प्रकल्प करण्यापेक्षा प्रकल्पाचा फोटो वेळेवर पाठवणे अधिक महत्त्वाचे ठरते. ज्या दिवशी अधिकारी फोटो न मागता मुलाच्या वहीचे कोरे पान मागतील, त्या दिवशी निम्मा प्रश्न सुटेल. दोन शिक्षकी शाळेला एक सोय मात्र आहे, आणि शहरातल्या शाळेला ती नाही: तिसरी ते सहावीची मुले एकत्र बसतात, आणि पर्जन्यमापक चौघांनाही चालतो. तिसरीचा मिलिमीटर वाचतो, सहावीचा सरासरी काढतो.

उरले त्या शेतकरी पालकांचे दोन प्रश्न. मार्क किती? आकारिक मूल्यमापनात प्रकल्पाला गुण आहेत, पण ते थोडे आहेत, आणि त्यासाठी एवढा खटाटोप करू नये. शिष्यवृत्तीला काय येते? घनफळ येते, एककांचे रूपांतर येते, शाब्दिक उदाहरणे येतात. शाब्दिक उदाहरणांतच आमची मुले गळतात, कारण त्या शब्दांमागे काही वस्तू असते हे त्यांना कोणी दाखवलेले नसते. मी त्यांना एवढेच सांगितले, की पोराला उसाच्या बिलाची पावती द्या, आणि टनाला किती, कपात किती, हातात किती, हे त्याच्याकडून काढून घ्या. ते म्हणाले, "ते माझं मलाच कधी जुळत नाही." मी म्हटले, मग दोघे मिळून बसा.

जून जवळ आला आहे. या सभेला चार-पाच शाळांचे शिक्षक आलेले दिसतात, म्हणून जाता जाता पर्जन्यमापकाचे सांगतो. तळापासून तोंडापर्यंत सारख्या जाडीची, सपाट तळाची बरणी घ्यावी; निमुळती बाटली घेतली तर हिशेब चुकतो. छपरापासून आणि झाडापासून दूर, उघड्यावर, वाऱ्याने पडणार नाही अशी रोवावी. रोज ठरलेल्या वेळी फूटपट्टीने मिलिमीटर मोजून पाणी ओतून टाकावे, रविवारीही, सुट्टीतही. त्यासाठी शेजारच्या घरातल्या मुलाची पाळी लावावी. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचे छप्पर दहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद असेल, आणि एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस झाला, जो आपल्याकडे नवलाचा नाही, तर छपरावरून सहा हजार लिटर पाणी वाहून जाते. ते जाते कोठे, हा पुढचा प्रश्न मुले स्वतःच विचारतील. धरणावर पाऊस मोजण्याची जागा आहे. आपल्या बरणीचा आकडा आणि तिथला आकडा पहिल्याच आठवड्यात जुळणार नाही. तो का जुळत नाही हे शोधायला मुलांना घेऊन तेथे जा. आधी रीतसर परवानगीचा अर्ज द्यावा, आणि तो अर्ज मुलांनीच लिहावा.